वाटी विसळलेलं पाणी

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी सतरा वर्षं गेली. ट्रॉलीतून आलेला ऊस, त्याचा रस, त्या रसातली साखर, हे मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. कुठल्या शिवारातला ऊस किती गोड आहे हे मी अर्ध्या तासात सांगतो आणि त्याचा मला गर्वही आहे. अशा माणसाने स्वतःच्या घरी साखरेच्या हिशेबात घाण केली आणि ती आईच्या नावावर खपवली. हे सांगायला मला फार उशीर झाला आहे.

घरी बियर बनवायचा नाद मला फोनवर व्हिडिओ बघून लागला. मोड आणून भाजलेलं जव, हॉप्स म्हणतात ती कडू फुलं आणि यीस्टची पुडी, सगळं ऑनलाइन येतं. परवाना वगैरे माझ्याकडे नव्हता, तोही एक गुन्हाच, पण त्याची टोचणी मला कधी लागली नाही. बायकोने सुरुवातीलाच बजावलं, "क्वार्टरमध्ये हा आंबूस वास चालणार नाही." म्हणून हा उद्योग गावी हलला. गाव कोरेगाव तालुक्यात. सुट्टी मिळाली की इस्लामपूरहून मोटरसायकल काढायची आणि कराड, रहिमतपूर करत घर गाठायचं.

गावी आई आणि आबा दोघंच. आबा, माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना माझा नाद लगेच पटला. पहिला ग्लास संपवून म्हणाले, "कॅन्टीनच्या बाटलीला ही चव न्हाई गड्या." आई तोंडाला लावायची नाही. ती त्याला ‘तुझं ते फसफस’ म्हणायची. पण मी ड्रम उघडला की येऊन वाकून बघायची, वास घ्यायची. आंबोळीचं पीठ, ताक, लोणचं, आयुष्यभर तिने आंबवण्याचीच कामं केलेली. "हे बायकांचं काम हाय," ती म्हणायची. "तुमा पुरुषांना धीर कुठला?"

आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भावकीत जावळ असो, वास्तुशांत असो, आमटीचं मीठ आईच्या हातचं. दोनशे माणसांचं पातेलं चुलीवर उकळत असायचं, बायका बाजूला सरकायच्या आणि आई ओंजळीने मीठ सोडायची. एकदा, दोनदा, मग थोडं चिमटीने. चाखायची नाही. चाखून मीठ घालणारी बाई तिच्या लेखी नवशिकी. घरात वजनकाटा नव्हता, मापाचा चमचा नव्हता, आणि मी तिच्या हातचं खारट किंवा अळणी कधी खाल्लेलं मला आठवत नाही.

मी मात्र मोजणारा. आणि बियरमध्ये मोजावंच लागतं, विशेषतः फेसासाठी. ड्रममध्ये आंबून तयार झालेली बियर सपक असते. झाकण उघडं राहिलेल्या सोड्यासारखी. बाटलीत भरायच्या आधी तिच्यात थोडी साखर मिसळायची. बियरमध्ये राहिलेलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून वायू सुटतो, बुचामुळे तो बाहेर जाऊ शकत नाही आणि बियरमध्ये जिरतो. तोच फेस. साखर कमी पडली तर मजा नाही, जास्त झाली तर बूच काढताच अर्धी बाटली अंगावर, आणि फारच जास्त झाली तर काच फुटते. पण त्याआधीची एक अट आहे. ड्रममधलं आंबणं पुरतं संपलेलं असलं पाहिजे. ते अर्धवट असताना बाटल्या भरल्या तर आतली जुनी साखर आणि वरून घातलेली नवी, दोन्हींचा वायू एकाच बाटलीत कोंडला जातो.

मी साखरेऐवजी आमच्याच गुऱ्हाळाची काकवी घालायचो. तिचा वास बियरला छान येतो. तिच्यात साखर किती हे कारखान्यात तपासून आणायचो आणि ग्रॅमवर वजन करायचो. त्यासाठी एक छोटा इलेक्ट्रिक काटा घेतला होता. मिरजेच्या एका दुकानातून काचेचा हायड्रोमीटरही आणला होता, म्हणजे रसात तरंगणारी आकड्यांची नळी. ती जितकी वर तरंगेल तितकी साखर जास्त.

गेल्याच्या गेल्या वर्षी जानेवारीत आबांनी फोन केला. त्यांच्या पलटणीतले चार जुने सोबती वीस दिवसांनी जेवायला येणार होते. "मी त्यास्नी सांगून बसलोय," आबा म्हणाले. "पोरगा घरी बियर करतो म्हणून. माझी लाज राख." ड्रम तीन आठवड्यांपूर्वी लावलेलाच होता. बाटलीत फेस धरायला पंधरा दिवस लागतात. म्हणजे त्याच रविवारी भरायला हवी होती.

मी गेलो. आमच्याकडे तेव्हा चांगलीच थंडी पडली होती, ड्रमला हात लावला तर गार. नळी सोडली. सुरुवातीला बारा होता तो आकडा तीनच्या खाली यायला हवा होता. नळी साडेचारवर उभी राहिली.

मला तिथेच कळलं. उगाच कशाला खोटं बोलू. थंडीने यीस्ट झोपलं होतं, साखर शिल्लक होती. ड्रमला गोधडी गुंडाळून उबेला ठेवायचं आणि आठवडाभर थांबायचं, एवढंच करायचं होतं. पण कारखान्याचा हंगाम ऐन भरात, पुढची सुट्टी कधी मिळेल याचा पत्ता नाही, आणि आबा दारात उभे. मी वहीत तारीख घातली, साडेचार लिहिलं, आणि त्यापुढे लिहिलं, ‘ठीक’. ती वही अजून माझ्याकडे आहे.

काकवी आईने दिली. मी वाटी काट्यावर ठेवून एकशे साठ ग्रॅम मोजली, ड्रममध्ये ओतली आणि बाटल्या भरायची नळी लावायला वळलो. वाटीच्या कडेला काकवी चिकटून राहिली होती. आईने वाटीत घोटभर उकळलेलं पाणी घेतलं, बोट फिरवलं आणि ते पाणी ड्रममध्ये ओतलं. तेलाची वाटी, ताकाचं भांडं, वाटणाचा मिक्सर, आमच्याकडे सगळं असंच विसळून पातेल्यात जातं. "वाया कशाला घालवायचं," ती स्वतःशीच म्हणाली. मी बघितलं आणि काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. वीस लिटरला ती चमचाभर काकवी म्हणजे काहीच नाही.

तीस बाटल्या झाल्या. बुचं मारली. फेस लवकर धरावा म्हणून मी त्या चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या कोठीत ठेवल्या, जिथे आईचं धान्य असतं. तिथे दिवसभर ऊब. आठवड्याने अर्ध्या दिवसाची रजा काढून आलो आणि एक बाटली उघडून बघितली. दोन बोटं फेस, बारीक, टिकणारा, अगदी हवा तसा. मी खूश झालो, आबांना ग्लास भरून दिला, दोन तास नाकाने कांदे सोलले. पंधरा दिवसांचा फेस सातव्या दिवशी धरलाय म्हणजे आत काहीतरी वेगाने चाललंय, हे नवख्यालाही कळलं असतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गावात पोहोचलो. आई अंगणात बसून घेवडा निवडत होती, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी. निवडलेला घेवडा सुपात भरून तिने कोठीत नेऊन ठेवला आणि बाहेर आली. ती पायरी उतरली आणि आत बार उडाल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. मग लगोलग तिसरा. आई दारातून दोन हात लांब उभी होती. ती अजून एक मिनिट आत राहिली असती तर, हे मी शंभरदा मनात घोळवलंय.

आबांनी तिला ओढून मागे घेतलं. मग आमची पलटण कामाला लागली. आबांनी स्कूटीचं हेल्मेट घातलं, मी कारखान्याचा गॉगल लावला, दोघांनी गोधड्या भिजवून बाटल्यांवर टाकल्या आणि एकेक बाटली परसात नेऊन बूच काढलं. फेस पेरूच्या फांद्यांपर्यंत उडत होता. सव्वीस बाटल्या अशा रिकाम्या केल्या. आबा भिजून चिंब झाले होते आणि मधेच त्यांना हसू फुटलं होतं. आत जाऊन बघितलं तर पिठाच्या डब्याचं झाकण उघडं, पिठात काच, सुपातल्या घेवड्यात काच, सांडग्यांत काच. सगळं खड्डा काढून पुरावं लागलं.

आम्ही ओसरीवर टेकलो तेव्हा आबांनी विचारलं, "ह्ये झालं कशानं?"

मी तोंड उघडायच्या आधी आई बोलली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माझ्याच हातनं झालं असंल. त्यानं मोजून काकवी घातली हुती. मी वर वाटी इसळून वतली. ते जास्तीचं झालं असंल. व्हय रं?"

ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या मागच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणालो, "हां, तेच झालं असणार."

एवढंच बोललो. असं का बोललो हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. आबांसमोर लाज वाटली हे खरं. सतरा वर्षं साखर मोजणारा माणूस साखरेत चुकला असं म्हणवत नव्हतं हेही खरं. पण सगळ्यात खरं म्हणजे तिने तो दोष आयता माझ्यासमोर ठेवला आणि मी उचलला. वर शहाणपणाने म्हणालो, "असू दे आई, तुला काय माहीत. यात ग्रॅम न् ग्रॅम मोजावा लागतो." तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. आबांनी कॅन्टीनच्या बाटल्या काढल्या आणि किस्सा सांगितला. "आमच्या मंडळींनी ग्रेनेड बनवलं," ते म्हणाले आणि चौघंही खो खो हसले. आबांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना सांगायला मजेदार गोष्ट मिळाली होती. आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मधे थोडा वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी पाहुण्यांना भाजी वाढत होतो.

किस्सा भावकीत पसरला. बायका आईला चिडवायच्या, "काकी, मोजून घाला हां, न्हाईतर पातेलं उडायचं." आईही हसायची. उन्हाळ्यात चुलत्यांच्या घरी वास्तुशांत झाली. मी उशिरा पोहोचलो आणि जेवायला बसलो तर आमटी अळणी. चुलतीला विचारलं, "मीठ कुणी घातलं?" ती म्हणाली, "तुझ्या आईला लय इनवलं. न्हाईच म्हणाली. म्हणाली, माझा हात आता भरवशाचा न्हाई ऱ्हायला."

मी आईला शोधलं. ती मागे बसून लसूण सोलत होती, नवशिक्या सुनांबरोबर. मी तिच्यासमोर उभा राहिलो, आणि तेव्हा तरी बोलायला हवं होतं की नाही? नाही बोललो. चारचौघांत कसं बोलायचं, असं मनाला सांगितलं. माझं मन असल्या गोष्टी पटकन ऐकतं.

दिवाळीला गेलो तेव्हा ओट्यावर माझा इलेक्ट्रिक काटा दिसला. मी फेब्रुवारीत तिथेच विसरलो होतो. आईने फळीवरून मिठाचा डबा काढला, काट्यावर वाटी ठेवली आणि डोळे बारीक करून आकडा वाचत मीठ घालायला लागली. दोन चिमट्या, थांबून बघितलं, अर्धी चिमूट परत काढली. तिघांपुरती भाजी होती. भिंतीवर खडूने लिहिलं होतं, कशाला किती ग्रॅम.

मला तिथे उभं राहवेना. परसात गेलो. पेरूखाली उभा राहून मी स्वतःला एक घाण शिवी दिली, मग आत येऊन सांगितलं. "आई, बाटल्या तुझ्यामुळे नाही फुटल्या. ड्रममधलं आंबणं पुरं झालं नव्हतं. मी घाई केली. तुझ्या पाण्याचा काही संबंध नव्हता."

तिने काट्यावरून नजर काढली नाही. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझं मन राखायला बोलतोयस."

वही आणून दाखवली. तिने साडेचार वाचलं, ठीकही वाचलं. "तू तर ठीक लिवलंयस," ती म्हणाली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मग मी पुन्हा ड्रम लावला. या वेळी घाई नाही. गोधडी गुंडाळली, दर रविवारी जमेल तसं जाऊन नळी सोडली आणि आकडा आईला वाचायला लावला. पाच. साडेतीन. मग पावणेतीन. पुढच्या रविवारी पुन्हा पावणेतीन, त्याच्या पुढच्याही. "आता झोपलंय का संपलंय?" आईने विचारलं. तिला सगळं समजत होतं. मी म्हणालो, "संपलंय. मागच्या वेळी झोपलं होतं, आणि मला ते माहीत होतं." काकवी मी मोजली, आणि वाटी तिच्या हातात दिली. "विसळून ओत," म्हणालो. ती तयार होईना. मी हट्टच धरला. शेवटी तिने विसळलेलं पाणी ओतलं, पण हात लांब धरून, तोंड फिरवून.

बाटल्या त्याच कोठीत ठेवल्या. फक्त धान्य बाहेर काढलं आणि कोठीला कुलूप घातलं, एवढी भीती मलाही होतीच. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी मी एक बाटली अंगणात आणली. आबा आणि आई ओसरीवर. बूच काढलं. हळू फुस्स झालं आणि फेस वर येऊन बाटलीच्या तोंडाशी थांबला. ग्लासात ओतली, दोन बोटं फेस. दुसरी उघडली, तशीच. पाच उघडल्या.

आईने ग्लास उचलून फेस बघितला. मग म्हणाली, "म्हंजे इसळलेल्या पाण्याचं काय न्हवतं."

"नव्हतं."

"आन् तुला तवाच ठाव हुतं."

"व्हय," मी म्हणालो. गावात आलो की माझ्या तोंडून तसं येतं.

आबांनी ग्लास खाली ठेवला. जवळजवळ वर्षभर ते तो ग्रेनेडचा किस्सा सांगत होते. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठून गोठ्याकडे गेले. ती बियर तशीच पडून राहिली. आईने मला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं, पण तिने शिवी दिली नाही. आत गेली, काटा उचलला, ओल्या फडक्याने पुसला आणि आणून माझ्या पिशवीत ठेवला. मग भिंतीवरचे ग्रॅम पुसून टाकले.

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. घेवड्याची आमटी होती. आईने ती हाताने मीठ घालून केली होती, मी दारातून बघितलं होतं. मी भाकरी चुरली, आमटी ओतली आणि पहिला घास घेतला. खारट होती. थोडीथोडकी नाही, चांगलीच खारट. चाळीस वर्षं न चुकलेला हात, आणि काट्याच्या नादाला लागून एका वर्षात त्याचा अंदाज गेला होता. आबा खाली मान घालून खात राहिले.

आई स्वतः अजून जेवायला बसली नव्हती. पातेल्यापाशी उभी राहून ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी ओसरीवर बघितलं होतं तशीच. "मीठ जास्त झालंय व्हय रं?" तिने विचारलं.

या वेळी मी भिंतीकडे बघितलं नाही. "व्हय आई," मी म्हणालो, "जास्त झालंय."

तिने मान हलवली. पातेल्यात तांब्यातलं थोडं पाणी ओतलं, पळीने ढवळलं आणि माझ्या ताटात पुन्हा आमटी वाढली. "उद्या कमी टाकीन," ती म्हणाली.